तेलाखालची मिरची

१

लीला गेली हे त्र्यंबकरावांना दवाखान्याच्या व्हरांड्यात कळलं. नुकतं फटफटत होतं. डॉक्टर बाहेर आले, चष्मा काढून रुमालानं पुसत राहिले, आणि त्र्यंबकराव काय ते समजले. शेवटी ती शुद्धीवर होती का, एवढंच त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, होती, अगदी शेवटपर्यंत होती. ते ऐकून त्र्यंबकराव बाकावर बसले.

रविवारी दुपारी ती पोटभर जेवली होती. सोमवारी सकाळी चहा ओतताना धार कपाच्या बाहेर पडली. तिनं त्र्यंबकरावांकडे पाहिलं, पण तोंडाकडे नाही. त्यांच्या डाव्या खांद्याच्या जरा पलीकडे पाहिलं आणि हसली.

"आज तुम्ही दोघं दिसताय," ती म्हणाली. "एकाचं करता करता कंबर मोडली, आता दुसऱ्याला कुठं बसवू?"

तेवढंच तिचं शेवटचं धड बोलणं. दुपारी तिच्या पापण्या आपोआप मिटायला लागल्या. तोंडाला कोरड पडली, जीभ जड झाली, पाणी पाजलं तर नाकातून परत आलं. ताप नव्हता. दवाखान्यात नेल्यावरही ती बोटानं खुणा करून सांगत होती, की कपाटाची किल्ली डब्याखाली आहे आणि मांजराला दूध घाला. मग हात उचलेनासा झाला. मग श्वास.

घरी आणलं तेव्हा मंगळवार पेठेतला सगळा बोळ दारात उभा होता. लीलाची धाकटी बहीण विमला शाहूपुरीहून आली होती. तिनं बहिणीच्या तोंडावरून हात फिरवला, उठली आणि सगळ्यांदेखत बोलली.

"माझ्या ताईला कुणीतरी काहीतरी घातलंय. आणि कुणी घातलंय ते मला ठाऊक आहे."

ती बघत होती बनाबाईकडे. बनाबाई बारा महिने लीलाच्या हाताखाली भाजी चिरायची, भांडी घासायची. ती पदराचा बोळा तोंडात धरून उंबऱ्याशी उभी होती. तिनं विमलाकडे पाहिलं, मग त्र्यंबकरावांकडे. त्र्यंबकराव काहीच बोलले नाहीत. बनाबाई मागल्या दारानं निघाली आणि उचगावला आपल्या घरी गेली.

दोन दिवसांनी शेजारच्या झुंबरबाईच्या कोंबड्यांनी माना टाकल्या. मेल्या नव्हत्या. उभ्या होत्या, डोळे उघडे होते, पण मान वर उचलत नव्हती. संध्याकाळपर्यंत एकेक करून आडव्या झाल्या.

२

लीलाचा धंदा कोल्हापुरात दुसरं कुणी करत नव्हतं. हंबीररावांच्या कारखान्यात इटलीहून मशीन आलं, तेव्हा ते बसवायला एक इंजिनिअर आणि त्याची बायको येऊन बंगल्याच्या आउटहाऊसमध्ये राहिली होती. त्या रोझाबाईला शिवणकाम दाखवायला लीला जायची. रोझाबाईला मराठी येत नव्हतं, लीलाला इटालियन येत नव्हतं. दोघींचं सगळं हातवाऱ्यांवर चालायचं. त्या हातवाऱ्यांतून लीला जेवणाआधी मांडायचं इटालियन ताट शिकली.

मोठं कल्हईचं तबक घ्यायचं. मधे चीजचे तुकडे, भोवती डब्यातली ऑलिव्ह, व्हिनेगरात, म्हणजे शिरक्यात, मुरवलेला फ्लॉवर आणि गाजर, पोटात पनीर भरलेले टोमॅटो, बेकरीतून भाजून आणलेल्या पावाच्या काड्या. आणि तिची खासियत म्हणजे भाजलेली लाल ढब्बू मिरची. पेठ वडगावच्या मळ्यातून मुद्दाम झाडावर पिकवून आणलेली, निखाऱ्यावर काळी करून सोललेली, मग व्हिनेगरात उकळून लसणाच्या पाकळ्यांबरोबर तेलाखाली मुरवलेली. ऑलिव्हचं तेल औषधाच्या दुकानात इवल्याशा बाटलीत मिळायचं, ते वरून थेंबभर. बाकी आपलं घाण्याचं शेंगतेल. डॉक्टरांच्या, वकिलांच्या, कारखानदारांच्या पार्ट्यांना तिचं तबक ठरलेलं असायचं.

शेवटची पार्टी हंबीररावांच्या बंगल्यावर शनिवारी झाली. इटलीहून नवे पाहुणे आले होते. तबकं रिकामी होऊन परत आली. खाणाऱ्यांपैकी कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही. गेली ती फक्त ताट करणारी.

बोळानं आपला निकाल लावून टाकला. तोंडाला कोरड, डोळ्यांना अंधारी, म्हणजे धोत्रा. धोत्रा बनाबाईच्या परड्यात उगवतो. लीला रविवारी जेवली तेव्हा बनाबाई नेमकी सुट्टी घेऊन उचगावला गेली होती. आणि कोंबड्या? बनाबाई मागल्या दारानं ज्या वाटेनं रडत गेली, त्याच वाटेवर त्या चरत होत्या. काहीजण तर म्हणाले, लीलाबाईंना नवऱ्याच्या बाजूला दुसरं कोण दिसलं ते कळतंय की. करणी होती ती, येऊन उभी राहिली होती.

त्र्यंबकरावांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण जेवायला बसले की त्यांची मान आपोआप डावीकडे वळायची. तिथं पाट रिकामा असायचा. स्वयंपाकघरात चमचा बरणीच्या काठाला लागल्यासारखा बारीक आवाज यायचा. ते उठून बघायचे आणि परत येऊन गार भात खायचे.

तेराव्यानंतर विमला आली. तिनं दोन गोष्टी सांगितल्या. ताईचा धंदा ती चालवणार होती. हंबीररावांकडे पाहुण्यांना निरोपाची पार्टी शुक्रवारी आहे, त्याची ऑर्डर तिनं घेतली होती. आणि ती उरकली की शनिवारी सकाळी ती चौकीत जाऊन बनाबाईविरुद्ध तक्रार देणार होती.

"भाऊजी, तुम्ही नुसते बसून राहा," ती म्हणाली. "माझी बहीण गेलीय."

"माझी बायको गेलीय," त्र्यंबकराव म्हणाले. "मला शुक्रवारपर्यंत वेळ दे."

३

त्र्यंबकरावांची सगळी नोकरी पन्हाळ्याच्या तहसील कचेरीत झाली होती. बांधावरून भांडणारे, वाटणीवरून भांडणारे, अशांचे जबाब लिहून घेण्यात उभा जन्म गेला. त्यातून त्यांना एक कळलं होतं. माणूस सहसा खोटं बोलत नाही, पण विचारलं तेवढंच सांगतो. आणि बनाबाईला आतापर्यंत कुणी काही विचारलंच नव्हतं. तिला फक्त ऐकवलं होतं.

आधी ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर पूर्वी लष्करात होते. दाखल्यावर त्यांनी लकवा लिहिला होता, पण त्यांचं स्वतःचं समाधान झालेलं दिसत नव्हतं.

धोत्रा असेल का, असं त्र्यंबकरावांनी विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली. कोरड पडते, नजर जाते, इथवर जुळतं. पण धोत्रा पोटात गेलेला माणूस बरळतो, अंगावरचे कपडे ओढतो, नसलेली माणसं बघतो. लीलाबाईंचं डोकं शेवटपर्यंत साफ होतं.

"तिला मी दोन दिसत होतो," त्र्यंबकराव म्हणाले.

"दोन्ही तुम्हीच होता. डोळे फिरवणारे स्नायू ढिले पडले, की एकाचे दोन दिसतात."

मग डॉक्टर थोडे घुटमळले. फौजेत असताना असा एक विकार त्यांनी पाहिला होता, म्हणाले. बंद डब्यातलं मटण खाऊन तिघे जवान असेच गेले होते. जिथं हवा पोचत नाही अशा अन्नात ते विष तयार होतं. चव कळत नाही, वास येईलच असंही नाही. त्यांना पहिल्या दिवशी तीच शंका आली होती.

"मग सोडून का दिलीत?"

"आंबटात ते विष धरत नाही, त्र्यंबकराव. आणि लीलाबाईंचं ताट मी स्वतः कितीदा खाल्लंय. सगळं व्हिनेगरात बुडवलेलं. शिवाय त्या शनिवारी इतकी माणसं जेवली, एकालाही काही नाही."

त्र्यंबकराव घरी आले ते थेट झुंबरबाईच्या दारात. त्यांनी तिला करणीचं विचारलं नाही. मान टाकायच्या आधी कोंबड्यांनी काय खाल्लं, एवढंच विचारलं. झुंबरबाई म्हणाली, तुमच्याच मागच्या उकिरड्यावर टोची मारत होत्या की. विमलाबाईंनी घर धुताना टाकलेलं.

"काय टाकलं होतं?"

"आता काय सांगू दादा. तांबडं तांबडं, तेलकट कायतरी. कोंबड्या नुसत्या तुटून पडलेल्या. मी म्हटलं खाऊ देत, मेलेल्याच्या घरचं हाय, न्हायतर कोण खाणार?"

त्र्यंबकराव अंगणात उभे राहिले. तबकं रिकामी होऊन आली होती. मग घरात तांबडं काय राहिलं होतं?

४

उचगावला बनाबाई म्हशीला वैरण टाकत होती. त्यांना बघून तिनं पदर सारखा केला, पण या म्हणाली नाही. त्र्यंबकराव न विचारताच गोठ्याच्या कट्ट्यावर बसले. ती घरातून तांब्या घेऊन आली आणि त्यांच्यासमोर न ठेवता लांब ठेवला.

"पाणी प्यायचं का न्हाय तुमी बघा," ती म्हणाली. "इख कालवलंय म्हणत्यात माझ्या हातात."

त्र्यंबकरावांनी तांब्या उचलला आणि वरून घटाघटा अर्धा संपवला. बनाबाई मग खाली बसली.

रविवारी ती का आली नाही, हे त्यांनी विचारलं. म्हैस व्याली होती. रेडकू समोरच बांधलेलं होतं. लीला रविवारी काय जेवली, हे तिला माहीत नव्हतं. मग त्यांनी तिसरा प्रश्न विचारला. पार्टीला न गेलेलं असं स्वयंपाकघरात काय होतं?

बनाबाईनं जराही विचार केला नाही.

"ती बिनआंबटाची बरणी की. चिनी मातीची, लहान. मीच लसूण सोलला त्येचा."

"बिनआंबटाची म्हणजे?"

"म्हंजे शिरक्यात न उकळल्याली. एरवी वैनी मिरची भाजली की शिरक्यात उकळायच्या, माझ्या डोळ्याला धारा लागायच्या. त्या बरणीला न्हाय उकळलं. मीठ आणि वर तेल, बास. पार्टी शुक्कारची ठरलीती तवा केल्याली. मग पार्टी झाली शनवारी, आणि ती बरणी तशीच फळीवर ऱ्हायली. वैनी म्हणल्या, ऱ्हाऊ दे, आपन खाऊ."

"हे तू कुणाला बोलली नाहीस?"

"कुणी इचारलं?" बनाबाई म्हणाली. "आणि मिरचीनं मानूस मरतं व्हय?"

त्र्यंबकरावांना रविवारची दुपार दिसली. लीला भाकरीबरोबर बरणीतली लाल मिरची बोटानं निपटून खात होती. पार्टीचा शीण होता, तिनं वेगळी भाजी केली नव्हती. त्यांना तिनं दूधभात वाढला होता, कारण चातुर्मासात ते लसूण खात नव्हते, आणि त्या बरणीत मिरचीइतकाच लसूण होता. एक घास तरी घ्या म्हणाली होती. देव बघत नाही, म्हणाली होती. त्यांनी घेतला नव्हता.

शुक्रवारची पार्टी आणि बिनआंबटाची बरणी. ते का, हे सांगणारं एकच माणूस होतं.

५

हंबीररावांच्या आई आक्का बंगल्याच्या मागल्या सोप्यात गूळ-फुटाणे निवडत बसल्या होत्या. नऊवारी, कपाळावर मोठं गोंदण, आवाज शेताच्या या टोकाकडून त्या टोकाला जाईल असा. त्यांनी त्र्यंबकरावांना बसवलं, लीलासाठी डोळे पुसले आणि विचारायच्या आधीच बोलायला लागल्या. लेकाच्या कारखान्यासाठी त्यांनी सोळा शुक्रवार धरले होते. त्या देवीला आंबट चालत नाही. शुक्रवारी घरात कुणी आंबटाला शिवायचंसुद्धा नाही, नाहीतर आधीचे सगळे शुक्रवार फुकट जातात.

"हंबीररावानं पार्टी धरली शुक्कारचीच. मी लीलाला म्हटलं, बाई, तुजं ताट म्हंजे नुसता शिरका. माज्या घरात शुक्कारी आंबटाचा थेंब येणार न्हाय. पावणं इटलीचं असूदेत न्हायतर कुठलं."

"मग ती काय म्हणाली?"

"हसली. म्हणाली, आक्का, बिनआंबटाची करते की. आपली लोणची तेलाखाली वरीसभर ऱ्हात्यात, मिरची का ऱ्हाणार न्हाय?"

त्र्यंबकरावांना ते आता जुळलं. आपली लोणची राहतात ती कैरीच्या आणि लिंबाच्या आंबटावर. तेल वर असतं म्हणून सगळे त्यालाच श्रेय देतात. आणि लीलाला दुसरं कुणी सांगणार कसं? रोझाबाई दर वेळी मिरची व्हिनेगरात उकळायची. एकदा लीलानं उकळायचं टाळलं, तर तिनं बरणी हातातून काढून घेतली होती आणि मान जोरजोरात हलवली होती. घरी येऊन लीला म्हणाली होती, बाईला आंबट फारच आवडतं हो. नको, एवढं हातवाऱ्यांनी सांगता आलं होतं. का नको, ते सांगायला भाषा लागते.

"मग पावण्यांची गाडी चुकली आणि पार्टी शनवारवर गेली," आक्का म्हणाल्या. "लीलानं आपलं न्हेमीचं आंबट ताट आणलं. चांगलं झालं, कुणाचा हिरमोड न्हाय. आता निरोपाची पार्टी पुन्यांदा शुक्कारीच आली बघा. पण त्येची काळजी न्हाय. विमलाला लीलानं सांगून ठेवलंतं कसं करायचं ते. तिनं बरणी कवाच भरून ठेवलीय. मुराय पायजे म्हणाली."

त्र्यंबकराव उठले ते एका पायात चप्पल न घालताच फाटकापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता.

६

विमलाच्या स्वयंपाकघरात तबकं घासूनपुसून ओळीनं मांडलेली होती. फळीवर बरणी होती, तोंडाला फडकं बांधलेली. मोठी होती, पाहुण्यांना पुरेल अशी.

"चाखलीस का?" त्र्यंबकरावांनी दारातूनच विचारलं.

"अजून नाही. आता उघडणारच होते. का?"

त्यांनी बरणी उचलली आणि आपल्या मांडीवर घेऊन बसले. विमलाला वाटलं, भाऊजींच्या डोक्यावर परिणाम झाला. त्यांनी तिला सगळं क्रमानं सांगितलं, कचेरीत जबाब वाचून दाखवायचे तसं. डॉक्टरांचे जवान. आंबटात न धरणारं विष. शुक्रवारसाठी भरलेली आणि शनिवारी न लागलेली बरणी. विमला ऐकत होती, पण तिचं तोंड घट्ट होतं.

"हे सगळं तिला सोडवायला," ती म्हणाली. "ताई स्वतःच्या हातानं केलेलं स्वतः खाऊन मेली, असं लोकांनी म्हणावं असं वाटतं तुम्हाला? बनाबाई बरी, आणि माझी बहीण अडाणी?"

"तू ताईचं घर धुतलंस. फळीवरच्या लहान बरणीतलं काय केलंस?"

"टाकलं. गेलेल्या माणसाचं उरलेलं घरात ठेवत नाहीत."

"कुठं टाकलंस?"

उकिरडा विमलाच्या डोळ्यांपुढे आला असावा. कोंबड्यांना करणी झाली असं बोळात सगळ्यात आधी तीच म्हणाली होती.

"बनाबाई तिथून गेली ती ताईला आणलं त्या सकाळी," त्र्यंबकराव म्हणाले. "कोंबड्यांनी माना टाकल्या दोन दिवसांनी. मधे तिथं फक्त तू गेली होतीस."

ती खाली बसली. मांडीवरच्या बरणीकडे बघत राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, की उद्या आधी तिच्या घरच्यांना ती एकेक फोड वाढणार होती, कशी झालीय ते बघायला.

निरोप गेला तसे डॉक्टर आले. त्यांनी बरणीतलं सगळं चुलीवर बराच वेळ उकळायला लावलं, मग परसात खोल खड्डा काढून चुना टाकून पुरलं. बरणीही फोडून त्यातच टाकली. जाताना ते त्र्यंबकरावांना म्हणाले, दाखला मला बदलावा लागेल. त्र्यंबकराव बदला म्हणाले.

शुक्रवारी बंगल्यावर पाहुण्यांना थालीपीठ आणि लोणी मिळालं. त्यांनी ते आवडीनं खाल्लं, असं ऐकलं.

७

शनिवारी विमला चौकीत गेली नाही. त्र्यंबकरावांनी सकाळी बोळात नळावर सगळ्या बायका जमलेल्या असताना सांगितलं, की लीला तिनं स्वतः भरलेल्या बरणीतलं खाऊन गेली. बनाबाईचा त्यात काही हात नाही. कोंबड्याही त्यानंच मेल्या. कुणासाठी बरणी भरली होती, ते त्यांनी सांगितलं नाही. आक्का म्हाताऱ्या होत्या. झुंबरबाई म्हणाली, म्हंजे आमी खाल्लेलं ते ताट तसलंच की हो. त्या दिवसापासून लीलाचं नाव निघालं की कुणीतरी पोटावर हात ठेवायचं. हे होणार, हे त्र्यंबकरावांना माहीत होतं. बोलायच्या आधी ते दोन दिवस त्यावर विचार करत बसले होते. लीलाचं नाव आता लीलाला लागणार नव्हतं. बनाबाईला तिचं लागणार होतं.

मग ते उचगावला गेले आणि बनाबाईला म्हणाले, चल, तुझ्यावरचा आळ गेला, घर तुझंच आहे.

बनाबाई उठली नाही. तिच्या गावातही ती बातमी पोचली होती, पण अर्धीच. विषाची पोचली होती, सुटकेची नाही. विहिरीवर बायका तिची घागर आपल्या घागरीला लागू देत नव्हत्या. नातसुनेनं तिच्या हातचं खाणं बंद केलं होतं.

"तुमी आलासा, लई उपकार," ती म्हणाली. "पन आळ तुमी न्हाय घातला, दादा. तुमी गप ऱ्हायलासा. ज्या तोंडानं घातला त्या तोंडानं हितं यावं, हिरीवर, चार बायकांत, आणि सांगावं. मग मी येते."

त्र्यंबकराव परत येताना शाहूपुरीत उतरले आणि विमलाला निरोप सांगितला. विमला रडली. जाते म्हणाली. उद्याच जाते म्हणाली. बनाबाईसाठी तिनं लुगडंही आणून ठेवलं.

त्र्यंबकराव आता स्वतःच भात लावतात. स्वयंपाकघरात आवाज अजून येतो, पण ते उठत नाहीत. मधे एकदा पेठ वडगावचा मळेवाला लाल ढब्बू मिरचीची पाटी घेऊन दारात आला. त्याला बातमी नव्हती. त्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं. दसरा झाला, दिवाळी झाली, आक्कांचं उद्यापनही पार पडलं.

विमला अजून उचगावला गेलेली नाही.